एका पानात मावणारा खेळ, भेंडवळच्या घटातून

सोंगट्यांचा नव्हे, सोंगाचा खेळ म्हणजे रोल-प्लेइंग गेम: पात्र घ्यायचं, फासा टाकायचा, गोष्ट पुढे न्यायची. काहींची नियमपुस्तकं तीनशे पानांची असतात. जॉन हार्परचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' (2013) मात्र एका पानात आटोपतो. पात्राला एकच आकडा, 2 ते 5 मधला. डोक्याचं काम असेल तर फासा त्याखाली पडावा, मनाचं असेल तर वर. बस्स!

मला आपल्या बुलढाण्याचा फासा हवा होता. तो सापडला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती 18 धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, कुरडई, करंजी. पहाटे कोणतं धान्य हललं ते पाहून भाकीत सांगतात. भाकितावर माझा विश्वास नाही. पण मांडणी म्हणून काय कमाल आहे! प्रत्येक वस्तूला अर्थ, आणि निकाल सगळ्यांसमोर.

माझ्या खेळात चौघं एका शेतकरी घरातले. चार फेऱ्या, जून ते सप्टेंबर. परातीत खडूचं वर्तुळ, त्यात मूठभर दाणे टाकायचे; बाहेर पडला तो दाणा संकट, आणि त्याची गोष्ट टाकणाऱ्यानंच सांगायची. पहिल्या खर्ड्यात अकरा नियम होते. दहा मिनिटांत चुलतभाऊ म्हणाला, "अबे, खेळाचं कवा?" आठ खोडले.

हरभरा घरंगळून थेट कॉटखाली जातो, म्हणून सध्या गहू वापरतोय.