निरोप पाठविला, पण पोहोचला काय?

निरोप पाठविणे आणि निरोप पोहोचविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या काळचा दवंडीवाला हे पक्के ओळखून होता. चौकात उभा राहून तो आधी डफ वाजवी, माणसे गोळा झाली की मगच तोंड उघडी. हल्लीच्या दवाखान्यांना एवढे थांबावे लागत नाही. संगणकाची एक कळ दाबली की शेकडो रुग्णांना एकाच वेळी संदेश जातो आणि पडद्यावर 'पोहोचला' अशी खूण उमटते. ही खूण म्हणजे एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला दिलेली पावती. माणसाला काय समजले, याचा तिच्याशी काही संबंध नसतो. म्हणून दवाखान्याने रुग्णाशी कोणत्या मार्गाने बोलावे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. या लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

निरोपाला एवढे महत्त्व का आले, हे क्षयरोगाच्या इतिहासावरून चांगले समजते. पूर्वी क्षयाच्या रोग्याला आरोग्यधामात नेऊन ठेवीत. १९५६ साली मद्रास येथे एक महत्त्वाचा अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या साध्यासुध्या घरीच ठेवून दोघांनाही तीच औषधे देण्यात आली. १९५९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहून औषध घेणारेही जवळजवळ तितकेच बरे होतात, असे त्यातून दिसून आले. गरिबांवर हे केवढे उपकार झाले! मात्र रोगी घरी गेला आणि डॉक्टर दवाखान्यात राहिला. साध्या क्षयाचे उपचार सहा महिने चालतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर थोडे मांस चढते आणि मग 'आता कशाला गोळ्या?' असे वाटू लागते. त्या वेळी आलेला निरोप हा औषधाचाच एक भाग असतो. मधुमेह, रक्तदाब, गरोदरपण, मुलांच्या लसी या सर्वांना हेच लागू आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. मी भवानी पेठेत राहते. आमच्या घरी तेलुगू बोलतात, शेजारी कन्नड, समोरच्या घरी उर्दू, आणि शाळेत आम्ही सगळे मराठी शिकलो. वडील यंत्रमागावर आहेत, आई बिड्या वळते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे गल्लीतले फोन वाचून घ्यावयास माझ्याकडे येतात. "काय आलंय बघ की गं," असे म्हणून बायका फोन पुढे करतात. बहुतेक वेळा ती जाहिरात असते. कधी मात्र तो दवाखान्याचा निरोप असतो, आणि तो प्रायः इंग्रजीत असतो.

तो इंग्रजीत का असतो? याला अनास्थेखेरीज आणखी एक कारण आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. साध्या एस.एम.एस.मध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात. देवनागरी, तेलुगू, कन्नड किंवा उर्दू लिपी वापरली की एका संदेशात ७०च चिन्हे मावतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी यांची मोजदाद वेगळी होते. 'सोलापूर' हा चार अक्षरी शब्द यंत्राच्या हिशेबी सात चिन्हांचा होतो. परिणामी इंग्रजीत एका संदेशात बसणारा मजकूर मराठीत दोन-तीन संदेशांचा होतो आणि पैसेही तितक्याच पटीने पडतात. दवाखान्याची अशी बचत होते, आणि वाचून घेण्यासाठी फिरण्याचा खर्च रुग्णाच्या वाट्याला येतो.

बरे, लिपी आपली असली तरी प्रश्न सुटत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरावयाचा मोबाइल होता. अशा स्त्रियांपैकी सुमारे ७१ टक्के स्त्रियांना एस.एम.एस. वाचता येत होता. या दोन आकड्यांचा गुणाकार केला तर शंभरात ३८च्या आसपास स्त्रिया उरतात. म्हणजे स्वतःचा फोन आहे आणि त्यावरचा संदेशही वाचता येतो, अशा स्त्रिया निम्म्याहूनही कमी होत्या. आमच्या आजीच्या वयाच्या बायका तर या मोजणीतही नाहीत.

आजीचीच हकीकत सांगते. तिच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख एका दवाखान्याने पुढे ढकलली व तसा संदेश आदल्या संध्याकाळी पाठविला. केसपेपरवर नंबर माझ्या भावाचा. तो रात्रपाळीला मागावर, आणि मागांच्या खडखडाटात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही तेथे फोनची काय कथा! आजी सकाळी उपाशीपोटी रिक्षाने गेली आणि तशीच परतली. "मेसेज टाकला होता की," असे तेथील कारकून म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. संदेश खरोखरच टाकला होता.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. गल्लीतल्या एका बाईंनी वाचावयास दिलेल्या संदेशात त्यांच्या आजाराचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. त्यांनी कोणालाही न सांगितलेली गोष्ट मला त्यांच्या आधी कळली. मी ती कोठे बोलले नाही. पण फोन माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाच्या हाती पडला असता तर? ज्या वस्तीत क्षयाचे नाव निघाले की मुलीचे लग्न अडते, तेथे असा संदेश औषधाऐवजी घावच घालतो.

मग करावे तरी काय? चांगली उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. डॉ. अपर्णा हेगडे यांच्या 'अरमान' या मुंबईच्या संस्थेने 'एममित्र' ही सेवा सुरू केली. तीत गरोदर स्त्रीला व नव्या आईला लिखित संदेशाऐवजी बोलका निरोप फोनवर ऐकविला जातो. भाषा कोणती आणि फोन कोणत्या वेळी यावा, हे नोंदणीच्या वेळी त्या बाईलाच विचारतात. वरवर साधी वाटणारी ही विचारणाच सर्वांत मोलाची आहे. बिड्या जमा करावयास कारखान्यात गेलेल्या बाईला त्याच वेळी फोन करून काय उपयोग?

दुसरे उदाहरण उत्तराच्या सोयीचे. दवाखान्याच्या नावाने येणाऱ्या एस.एम.एस.ला उलट उत्तर देता येत नाही. तो एकतर्फी हुकूम असतो. क्षयरोगासाठी राबविलेल्या '९९डॉट्स' या योजनेत गोळ्यांच्या पाकिटाला एक आवरण असे. गोळी दाबून बाहेर काढली की मागे दडविलेला फोन क्रमांक दिसे. रुग्णाने त्यावर फुकट फोन लावावयाचा, म्हणजे नोंद होई. फोन लावला म्हणजे गोळी गिळलीच असे नव्हे, ही त्यातली उणीव खरी. तथापि लिहिता न येणाऱ्या माणसालाही 'मी आहे' असे कळविता येते, ही कल्पना मला फार आवडली.

यावरून काही ढोबळ नियम निघतात. नुसती तारीख कळवावयाची असेल तर छोटा संदेश पुरे. मात्र सोबत कार्डावर तीच तारीख वारासह मोठ्या अक्षरांत हवी. 'गड्ड्याच्या आधीचा गुरुवार' असे सांगितले तर आमच्याकडे कोणी विसरत नाही. पथ्य, इंजेक्शन कसे घ्यावे, जखम कशी धुवावी अशा लांबलचक सूचनांसाठी व्हॉट्सअॅपवरचे चित्र किंवा बोललेला निरोप चांगला. पण साधा बटणांचा फोन असलेल्याला तो मिळत नाही, हे विसरू नये. तारीख बदलली, तपासणीत काही गंभीर निघाले, औषध ताबडतोब थांबवावयाचे आहे, अशा वेळी माणसानेच फोन करावा आणि रुग्णाशी बोलणे होईपर्यंत काम संपले असे मानू नये. आजाराचे नाव कोणत्याही संदेशात लिहू नये. जे लपवावयाचे ते समोर बसवून सांगावे, अथवा घरोघरी जाणाऱ्या आशाताईंनी ते हलक्या आवाजात सांगावे.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. पहिल्या दिवशी केसपेपर काढताना चार प्रश्न जास्त विचारावेत: हा फोन कोणाकडे असतो? कोणती भाषा समजते? वाचता येते काय? कोणत्या वेळी बोलता येईल? आणि नंबर बदलला आहे काय, हे दर खेपेला विचारावे. आपल्या महाविद्यालयात चार भाषा बोलणारी मुले-मुली आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडतो तसे एखाद्या दवाखान्यासाठी तेलुगू, कन्नड, उर्दू व मराठीत निरोप बोलून देणे आपणास अवघड नाही. प्राध्यापकांनी मनावर घेतले तर येत्या वर्षीच ते होऊ शकेल.

शिकलेल्या माणसाला वाटते की लिहिले म्हणजे सांगितले. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या अक्षर नव्हते, त्यांना मात्र सांगणे म्हणजे तोंडाने सांगणे एवढेच माहीत आहे. त्यांना अक्षर शिकविणे हे आपले काम आहेच. पण तोवर त्यांचे औषध थांबून राहता कामा नये.