सोळा माणसांच्या मुक्तीसाठी वसलेले गाव

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील इलिनॉय राज्यात, बॅरी नावाच्या लहानशा गावाजवळ एक ऐतिहासिक स्थळ आहे. तेथे किल्ला नाही, जुने वाडेही नाहीत. पाहणाऱ्यास दिसते ते बहुतांशी गवताळ माळरान. येथे एके काळी न्यू फिलाडेल्फिया हे गाव नांदत होते. १८३६ साली त्याची आखणी केली ती फ्रँक मॅकवर्टर या गुलामगिरीतून सुटलेल्या गृहस्थाने. कृष्णवर्णीय माणसाने आखून सरकारदप्तरी रीतसर नोंदविलेले अमेरिकेतील हे पहिले ज्ञात गाव होय.

फ्रँकचा जन्म १७७७ चा, दक्षिण कॅरोलिनातला. पुढे धन्याने त्याला केंटकीत नेले. धन्याचे काम आटोपल्यावर उरलेल्या वेळात तो मजुरी करी आणि सोरा तयार करून विकी. बंदुकीच्या दारूस सोरा लागतो, व १८१२ च्या युद्धामुळे त्यास मोठी मागणी आली होती. पैसा साठला, तेव्हा त्याने प्रथम स्वतःस सोडविले नाही. १८१७ मध्ये ८०० डॉलर मोजून त्याने पत्नी ल्यूसी हिला मुक्त केले. यात प्रेम तर होतेच, पण दूरदृष्टीही होती. आई गुलाम असेल तर मूलही जन्मतः गुलाम, असा तेव्हाचा कायदा. आणि ल्यूसी गरोदर होती. स्वतःसाठी तेवढीच रक्कम त्याने १८१९ मध्ये भरली. कॅनडात पळून गेलेल्या मुलाच्या मुक्ततेसाठी तर त्याने १८२९ मध्ये सोऱ्याचा कारखानाच देऊन टाकला.

इलिनॉयमध्ये आल्यावर त्याने ४२ एकरांत १४४ भूखंड पाडले. भूखंड विकावेत आणि मागे राहिलेली मुले-नातवंडे सोडवून आणावीत, असा हा व्यवहार होता. स्वतः फ्रँक धरून कुटुंबातील १६ माणसे अशा रीतीने मुक्त झाली. हे सारे चालले होते ते गुलामगिरीच्या उंबरठ्यावर. मिसिसिपी ओलांडली की मिसुरी राज्य, आणि तेथे माणसांची खरेदी-विक्री कायदेशीर होती. मार्क ट्वेनचे बालपण ज्या हॅनिबलमध्ये गेले, ते नदीकाठचे गाव येथून फार दूर नाही.

न्यू फिलाडेल्फियात गोरे आणि कृष्णवर्णीय शेजारी राहत. १८५४ मध्ये फ्रँक वारला. १८६९ मध्ये आलेला लोहमार्ग गावास वळसा घालून गेला. व्यापार आटला, माणसे पांगली, घरांच्या जागी नांगर फिरला.

गावाची आठवण टिकली ती वंशजांनी व परिसरातील रहिवाशांनी जपली म्हणून. या रहिवाशांनी १९९६ मध्ये संस्था स्थापन केली. पुढे विद्यापीठांच्या संशोधकांनी उत्खनन केले. खापरे, खिळे, बटणे, काचा असा संसारी ऐवज निघाला. मौज अशी, की गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या घरांतील वस्तूंत फारसा फरक आढळला नाही! २००९ मध्ये या जागेस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान लाभला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती राष्ट्रीय उद्यानसेवेच्या छत्राखाली आली. फ्रँकची समाधी जवळच्या स्मशानभूमीत आहे.