घाटातील उजेडाचा हिशेब

भिवंडीहून कापडाचे तागे भरून रात्री तळेगाव दाभाड्याला परतणे हे आमच्या धंद्यात नेहमीचेच. खोपोली सोडली की घाट, मग खंडाळा, लोणावळा, कार्ला, कामशेत. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला, तरी मावळातल्या बाजारांत माल उतरवणाऱ्याचा जुना रस्ता सुटत नाही. पावसाळ्यात लोणावळ्याचे धुके उतरले म्हणजे दहा पावलांवरचे दिसत नाही. मग गाडीवाल्याच्या मनात एकच विचार येतो : हेडलाईट जोरदार करून घ्यावेत. आम्हीही तेच केले आणि पस्तावलो. तो तजुर्बा व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडावा म्हणून हा हिशेब मांडत आहोत.

जादा वॅट, जादा नुकसान

आमच्या व्हॅनला मुळात ६०/५५ वॅटचे हॅलोजन बल्ब होते. आम्ही बाजारातून १००/९० वॅटचे आणून बसवले. चार दिवस खूष होतो. मग जुलैच्या एका रात्री खंडाळ्याजवळ जळका वास आला आणि दोन्ही दिवे गेले. समोर धुके, मागे ट्रक आणि गाडीत उधारीचा माल. अल्लाहच्या मेहरबानीने कडेला थांबता आले. सकाळी वायरमनने उघडून दाखवले : होल्डर वितळले होते, स्विचचे पॉइंट जळाले होते.

कारण साधे आहे. १२ व्होल्टवर ५५ वॅटचा बल्ब सुमारे साडेचार अँपियर घेतो, ९० वॅटचा साडेसात. वायर तीच राहिली तर तिच्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे अडीचपटीहून जास्त होते. ज्या दोरीने एक गठ्ठा उचलायचा, तिला अडीच गठ्ठे टांगल्यासारखेच हे झाले.

आता आम्ही मूळ वॅटचेच बल्ब ठेवले आहेत आणि मध्ये रिले बसवला आहे. स्विच फक्त रिलेला इशारा देतो. मुख्य प्रवाह बॅटरीपासून फ्यूज आणि जाड वायरीतून थेट दिव्याला जातो. जुन्या गाडीत बारीक, लांब वायरीत व्होल्टेज खर्ची पडते. ते वाचले की त्याच बल्बचा उजेड वाढतो. मूळ वायर न कापता कपलरने जोडला जाणारा तयार संच मिळतो, तोच घ्यावा.

समोरच्याचा हक्क

हॅलोजनच्या दिव्यातील रिफ्लेक्टर बल्बच्या तारेची नेमकी जागा धरून बनवलेला असतो. त्यात एलईडी किंवा एचआयडी बसवला की उजेड भलतीकडे फाकतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. आखातातून कोणी अख्खे दिवे आणत असेल तर आणखी सांभाळावे. तिकडे वाहने उजवीकडून चालतात, म्हणून तिथल्या लो बीमचा उजेड उजव्या कडेला वर चढतो. आपल्याकडे उजवीकडून समोरची गाडी येत असते.

धुक्यात हाय बीम तर उलटाच पडतो. पाण्याचे बारीक थेंब उजेड परत फेकतात आणि पुढे पांढरी भिंत उभी राहते. तिथे लो बीम आणि बंपरपाशी खाली बसवलेले, रुंद पसरणारे फॉग लॅम्प कामाचे. पिवळा रंग धुके चिरतो हा समज आहे. खरे काम दिव्याच्या उंचीचे आणि खाली राखलेल्या झोताचे.

आम्हा कापडवाल्यांची चूक आणखी एक. मागे तागे भरले की गाडीचे नाक वर होते आणि लो बीमसुद्धा समोरच्याला हाय बीमसारखा लागतो. अनेक गाड्यांत झोत खाली करायचे बटन असते, ते वापरावे. नसेल तर माल भरलेल्या अवस्थेत गाडी सपाट जागी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करावी, दिव्याच्या उंचीला टेलरच्या खडूने रेघ मारावी आणि झोत त्या रेघेच्या थोडा खाली बसवून घ्यावा.

कायदाही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०६ प्रमाणे पुढच्या दिव्याचा झोत खाली वळलेला हवा. ८ मीटरवरच्या, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याला तो दिपवता कामा नये. कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाही, असा निर्वाळा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आहे. अपघात झाल्यास विमा कंपनीही असल्या बदलावर बोट ठेवू शकते.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी पिवळी पडलेली काच पॉलिश करावी, वायपरचे रबर बदलावे, झोत जागेवर आणावा. आमचा निम्म्याहून अधिक उजेड एवढ्यानेच परत आला. रस्त्यातली इजा दूर करणे हा ईमानचा भाग आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्याच गाडीचा दिवा ती इजा ठरू नये. घाटात समोरून येणाऱ्यालाही घरी पोचायचे असते.