दार किती तास उघडं?

सार्वजनिक वाचनालयांचे वार्षिक अहवाल बहुतेक एकाच साच्यातून निघाल्यासारखे असतात. आधी अध्यक्षांचं मनोगत, मग संस्थापकांचे फोटो, मग आकडे : वर्षअखेर एकूण ग्रंथ इतके, नवी खरेदी इतकी, भेट आलेले इतके, दैनिकं इतकी, नियतकालिकं इतकी, वर्गणीदार इतके. पुस्तकांची देवघेव किती झाली हा आकडा असलाच तर एखाद्या ओळीत. आणि वाचनालयाचं दार रोज किती तास उघडं होतं, टेबलामागे कोण बसलं होतं, त्याच्या हातावर महिन्याला काय पडलं, हे सगळं जमाखर्चाच्या पानावर ‘वेतन’ या एका शब्दाआड असतं. खरं तर ग्रंथालय चालवणं म्हणजे मुळात ही दोनच कलमं, उघडं दार आणि टेबलामागचं माणूस. पुस्तकं त्यांच्यामुळे हलतात. ती दोन नसतील तर पंधरा हजार पुस्तकांचं वाचनालय आणि पंधरा हजार पुस्तकांचं गोदाम यांत फरक फक्त पाटीचा उरतो.

दोष अहवाल लिहिणाऱ्या चिटणिसाचा नाही. जे मोजलं जातं तेच तो लिहितो. आपल्याकडे ‘सार्वजनिक’ ग्रंथालय म्हणजे बहुतांशी लोकांनी काढलेली, नोंदणी केलेली संस्था. कार्यकारी मंडळ बिनपगारी, सभासद वर्गणी भरणारे. ही परंपरा जुनी आणि अभिमानाची आहे. रत्नागिरीचं वाचनालय 1828 सालचं, पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी 1848 सालची, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं. सरकार या मांडवात फार उशिरा आलं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला 1967 साली आणि 1970 च्या अनुदान नियमांनी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले. वर्ग ठरतो तो मुख्यतः ग्रंथसंख्या, वर्गणीदार, दैनिकं, नियतकालिकं यांच्या मोजणीवर. साहजिकच चिटणिसाचं लक्ष दाखल नोंदवहीकडे. अनुदानाचा हप्ता हाती येतो तोवर मार्च उजाडलेला असतो, मग महिनाअखेरच्या आत खरेदी उरकायची. अशा घाईत जे गठ्ठे येतात त्यांतलं किती आपला वाचक मागत होता, हे विचारायला कोणाला सवड नसते.

आता टेबलामागच्या माणसाचा हिशोब. ड वर्गाच्या ग्रंथालयाचं वार्षिक अनुदान 2012 मध्ये 30 हजार रुपये झालं. पुढची दहा वर्षं त्यात एका पैशाची वाढ नव्हती. मग 60 टक्के वाढ मिळाली, म्हणजे 48 हजार. यातला साधारण निम्मा वाटा वेतनाचा धरला तर महिन्याला 2 हजार रुपये होतात. संध्याकाळचे तीन तास, महिन्याचे 25 दिवस, एवढंच काम धरा. तासाला 27 रुपयेसुद्धा पडत नाहीत. या पैशात कोणी पुस्तकांची नोंद ठेवावी, देवघेव पाहावी, झाडलोट करावी, शिवाय मुलांना गोष्टीची पुस्तकं हुडकून द्यावीत, ही अपेक्षाच हास्यास्पद आहे. राज्यातल्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे आणि त्यांत क आणि ड वर्गांचाच भरणा जास्त. तेव्हा हा अपवादाचा हिशोब म्हणता येणार नाही. आपली ग्रंथालय चळवळ बव्हंशी याच 2 हजारांवर आणि कुणा निवृत्त शिक्षकाच्या किंवा गावातल्या एखाद्या वहिनींच्या चिकाटीवर उभी आहे.

आणि लोकांना आज नेमके तास आणि माणूसच हवा आहे. तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही वाचनालयाची अभ्यासिका पाहा. स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली पाण्याची बाटली, चार्जर आणि स्वतःची जाडजूड पुस्तकं घेऊन भल्या सकाळी जागा धरतात. संस्थेच्या कपाटाला त्यांचा हात क्वचितच लागतो. यावर जुने सभासद नाक मुरडतात : ही पोरं वाचक कुठली, यांना फुकटची खुर्ची आणि पंखा हवा. खुर्ची-पंखा हवा हे खरंच आहे, आणि त्यात वावगं काही नाही. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, धाकटी भावंडं आणि स्वयंपाक एकाच वेळी चालू असताना अभ्यासाला शांत टेबल मिळणं ही मोठी सार्वजनिक सेवा आहे, मुलींसाठी तर जास्तच. चेन्नईच्या अण्णा शताब्दी ग्रंथालयात स्वतःची पुस्तकं आणून वाचणाऱ्यांसाठी वेगळा विभागच ठेवलेला आहे. आपण मात्र त्याच गरजेला अतिक्रमण समजतो. शिवाय रोज सहा तास त्याच वास्तूत बसणारा मुलगा कधी ना कधी कपाटाकडे वळेल, पण त्यासाठी कपाटाला कुलूप नको आणि किल्ली कोणाकडे आहे हे विचारत हिंडायची पाळीही नको.

‘सगळं फोनवर मिळतं’ हा आक्षेप तर हटकून येतोच. शिष्यवृत्तीचा अर्ज, शाळाप्रवेशाची नोंदणी, सातबारा, सगळं ऑनलाइन गेलं हे खरं. पण कुठला दाखला आधी काढायचा, अर्ज का परत आला, मुदत कधी संपते, हे फोन सांगत नाही. ते सांगणारा माणूस गावात एकतर पैसे घेतो किंवा भेटत नाही. ग्रंथपालाच्या शिक्षणात संदर्भसेवा हा विषय असतो. त्याचा साधा अर्थ, आलेल्या माणसाला नेमकं काय हवं आहे ते ओळखून नेमक्या कागदापर्यंत पोचवणं. कादंबरी मागणाऱ्याला हे जसं लागू आहे तसंच शिष्यवृत्तीच्या अर्जालाही. फोन आल्यामुळे ग्रंथपालाचं काम वाढलं आहे, फक्त ते आपण त्याला सांगितलेलं नाही.

यातलं काही नवं नाही. सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. सक्तीचं प्राथमिक शिक्षण संस्थानात आधीच सुरू झालं होतं, शिकलेल्या रयतेने पुढे वाचायचं काय, हा प्रश्न होता. गावाने वर्गणी गोळा केली की तेवढीच भर सरकारची आणि तेवढीच प्रांत पंचायतीची, अशी तिहाईची पद्धत तिथे रूढ झाली. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या जात आणि वाहतुकीचा खर्चही संस्थान सोसे. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रिया आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते. या सगळ्याच्या मुळाशी होतं ते शिकवून तयार केलेलं मनुष्यबळ; बॉर्डनने बडोद्यात ग्रंथपालनाचा वर्गच काढला. आज नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना शंभर शंभर पुस्तकांच्या पेट्या गावोगावी, अगदी परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंत पाठवते, तेव्हा ती त्याच वाटेने जात असते. फरक एवढाच की इथे पेटीचा भार देणगीदारांवर आहे.

पैसा आणायचा कुठून, हा प्रश्न उरतो. मद्रासने 1948 च्या कायद्यातच मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर लावला. कर्नाटक, केरळ त्याच मार्गाने गेले. आपल्या कायद्यात उपकर नाही, सगळी भिस्त अर्थसंकल्पावर. उपकर म्हणजे जादूची कांडी नव्हे. कर्नाटकात स्थानिक संस्थांनी वसूल केलेली रक्कम त्यांच्याकडेच थकून राहते, ग्रंथालय खात्यापर्यंत पोचत नाही, अशी ओरड जुनी आहे. तरी थकबाकी मागता येते, न लावलेला कर मागता येत नाही. मी उपकराच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर : तो पैसा आधी वेतनाकडे आणि वेळेकडे जावा, इमारतीकडे आणि खरेदीकडे नंतर.

सर्वांत जड आक्षेप बोगस ग्रंथालयांचा. 2012 साली महसूल यंत्रणेने राज्यभर पडताळणी केली, त्यात कागदावरची वाचनालयं सापडली, आणि पुढे कितीतरी वर्षं नवी मान्यता आणि वर्गबदल दोन्ही बंद राहिले. सुक्याबरोबर ओलंही जळालं. जास्त पैसा दिला तर जास्त चोरी होईल, असं म्हणणाऱ्यांकडे हा दाखला असतो. पण चोरी कशाची झाली ते पाहा. दाखल नोंदवहीत पुस्तकं वाढवता येतात, तपासणीच्या दिवशी शेजारच्या गावातून गठ्ठे आणता येतात, वर्गणीदारांची नावं मतदार यादीतून उतरवता येतात. दार मात्र खोटं उघडता येत नाही. सकाळी आठ ते रात्री आठ अशी पाटी असेल आणि कुलूप दिसत असेल, तर ते पाहायला अधिकारी लागत नाही, रस्त्याने जाणारं शाळकरी पोरही सांगेल. अनुदानाचा वर्ग उघड्या तासांवर आणि देवघेवीवर ठरवला तर सेवा आणि तपासणी एकाच दोरीने बांधली जाईल.

पगारी माणूस आला की कार्यकर्ते आटतील, ही भीतीही बोलून दाखवली जाते. कार्यकर्त्याने व्याख्यानमाला भरवावी, दिवाळी अंकांची योजना चालवावी, देणगी आणावी. रोज संध्याकाळी साडेपाचला कुलूप काढण्याचं काम सेवाभावावर सोडू नये. कार्यकर्त्याच्या घरी लग्न निघतं, आजारपण येतं, आणि वाचनालय पंधरा दिवस बंद राहतं.

तुम्ही कुठल्या वाचनालयाचे वर्गणीदार असाल, तर वार्षिक सर्वसाधारण सभेला तुम्हाला मत आहे. त्या सभेला सहसा गणपूर्ती होत नाही, अर्धा तास थांबून मग ती घेतात. यंदा जा. ग्रंथसंख्या अहवालात छापलेली असेलच. दार किती तास उघडं होतं आणि ते उघडणाऱ्याला किती दिलं, एवढे दोन आकडे विचारा, आणि पुढच्या अहवालात ते छापायला लावा.