बँक नातं बघत नाही, सही बघते

पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक हे विनोबा भावे यांचं जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी इथे जन्मलेल्या विनोबांनी पुढे पवनारला कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा, प्रयोग केला. आज त्यांच्या गावातल्या बाईलाही बँकेची पायरी चढावीच लागते. 'लाडकी बहीण'चे महिन्याचे १,५०० रुपये आधार जोडलेल्या खात्यातच जमा होतात. २०२४ च्या या योजनेने घटस्फोटित आणि परित्यक्ता बायकांनाही पात्र धरलं. पण नवऱ्याने टाकलेली बाई बँकेच्या नोंदीत पुष्कळदा अजून त्याच्याच जोडीने असते.

जॉइंट खात्यातले निम्मे पैसे आपले, त्यांना नवरा हात लावू शकत नाही, असं अनेकींना वाटतं. खातं उघडताना फॉर्मवर 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' यावर खूण केली असेल, तर एकाच्या सहीवर सगळी रक्कम निघते. ती देणाऱ्या बँकेची त्यात चूक धरली जात नाही. म्हणून वाद पेटताच शाखेत लेखी अर्ज द्यावा, की यापुढे दोघांच्या सहीशिवाय व्यवहार करू नयेत. असा अर्ज आला की बहुतेक बँका व्यवहार थांबवतात. अर्जाची पोच मात्र घ्यायलाच हवी, कारण काउंटरवर तोंडी सांगितलेल्याचा पुढे काही पुरावा राहत नाही.

पैसे त्याच्या एकट्याच्या खात्यात असले तर काहीच करता येत नाही, हाही गैरसमजच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातलं कलम १८ फार थोड्या बायकांपर्यंत पोचलं आहे. त्याखाली दंडाधिकारी संयुक्त खातीच काय, नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरचं खातं आणि लॉकर वापरायलाही मनाई करू शकतात. स्त्रीधनाची विल्हेवाट लावण्यावरही बंदी घालता येते. हा आदेश हातात असेल तर शाखेत विनवण्या कराव्या लागत नाहीत.

घरकर्जाचं दुखणं वेगळं. कोर्टाने हप्ते त्याच्यावर टाकले, म्हणजे आपण सुटलो, असं ती धरून चालते. पण सहकर्जदार म्हणून तिची सही आहे, आणि करार कायद्याच्या ४३ व्या कलमानुसार बँक दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते. त्याने हप्ते थकवले की तिचाही सिबिल स्कोअर घसरतो. बँकेने तिचं नाव लेखी कमी करेपर्यंत ती मोकळी नाही.

नॉमिनी म्हणजे मालक, ही समजूत तर सुशिक्षित घरांतही पक्की आहे. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातला असाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेअर आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनी मालक होत नाही, वारसांचा हक्क कायम राहतो, असा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला. बँकठेवींबाबत न्यायालयाने हेच २०१० मध्ये सांगितलं होतं. तरीही पैसे आधी नॉमिनीच्याच हातात पडतात आणि घटस्फोटाने बँकेतलं नाव आपोआप पुसलं जात नाही. ते अर्ज करून बदलावं लागतं.

घरातल्या घरात कार्ड दिलं तर काय बिघडतं? बेंगळुरूच्या एका बाळंतिणीने २०१३ मध्ये नवऱ्याला कार्ड आणि पिन देऊन पैसे काढायला पाठवलं. नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून २५,००० रुपये वजा झाले. पिन दुसऱ्याला दिला, याच कारणावरून ग्राहक मंचाने २०१८ मध्ये तिची तक्रार फेटाळली.

अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचे पैसे 'सही जुळत नाही' म्हणून अडकून पडायची गरज नाही. अंगठा किंवा एखादी खूण दोन साक्षीदारांसमोर चालते. त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी लागतो. सत्तरी ओलांडलेल्यांना आणि अपंगांना घरपोच सेवा देण्यासाठी बँकांनी प्रयत्न करावेत, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच कळवलं आहे. शाखेने दाद दिली नाही, तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला शुल्क लागत नाही. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.