बरोबरीच्या संगणकांचे जाळे

भिवंडीकरांना हा विषय सांगणे त्यामानाने सोपे. मुंबईच्या गिरणीत शेकडो माग एका आवारात असत. फाटकाला टाळे लागले की सारेच थांबत. आपल्याकडे माग गल्लोगल्ली विखुरलेले. एक शेड बंद पडली तरी गावचे कापड निघतच राहते. (वीज गेली की सगळेच बसतात, हा भाग निराळा.) संगणकांच्या जाळ्यांचेही असेच दोन प्रकार आहेत.

१९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर निघाले. गाणी लोकांच्या घरच्या संगणकांवर. पण कोणापाशी काय आहे याची यादी मात्र एकाच ठिकाणी. न्यायालयाने तिच्यावरच बोट ठेवले आणि २००१ मध्ये तो कारभार आटोपला. २००० साली निघालेल्या न्यूटेलात अशी यादीच नव्हती. विचारणा शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाई. तेथे दुखणे वेगळेच. त्याच वर्षीच्या पाहणीत सुमारे ७० टक्के मंडळी नुसती घेणारी आढळली! ब्रॅम कोहेन यांच्या बिटटोरेंटने २००१ साली यावर तोड काढली: फाइलचे तुकडे करावयाचे, आणि जो देतो त्याला आधी द्यावयाचे.

आम्हांला धास्ती वाटते ती निराळी. भिवंडीत माग आपला असला तरी पुष्कळांचे सूत आणि कापड व्यापाऱ्याच्याच हाती असते. २००३ चे स्काइपही वापरणाऱ्यांच्याच संगणकांवर उभे होते. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची मधली कामे स्वतःच्या यंत्रांवर नेली, आणि मे २०२५ मध्ये ते बंद केले. वापरणाऱ्यांपैकी कोणालाही ते चालू ठेवता आले नाही. बिटटोरेंटची कंपनी २०१८ साली विकली गेली. पण त्याचे नियम सर्वांना खुले असल्यामुळे ते जाळे आजही चालू आहे.