किलीमाशाची पिल्ले

'माशाच्या पिलाला पोहावयास शिकवावे लागत नाही' ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. म्हण खरी; परंतु ती अपुरी आहे, हे आम्हांस एका काचेच्या बरणीने शिकविले. पिलाला पोहणे येते, पण बरणीत जगणे सर्वस्वी आपल्या हाती असते आणि ते आपल्याला शिकावे लागते. ते शिकत असता आमच्या हातून काय चुकले व पुढे काय साधले, हे विद्यार्थी मित्रांना व त्यांच्या घरच्या मंडळींना सांगावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. प्राणिशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तेव्हा येथे सांगितलेले कोणासही घरी करून पाहता येईल.

पावसाळा स्थिरावला, की पेडणे महालातील शेतांच्या पाटांत, डिचोलीकडील कुळागरांतून वाहणाऱ्या व्हाळांत व कित्येक जुन्या विहिरींत, पाण्याच्या अगदी वरच्या थराशी एक मासा निश्चल उभा असलेला दिसतो. अंग लांबट, डोके वरून चपटे, तोंड किंचित वर वळलेले आणि माथ्यावर चांदीचा एक ठिपका. वरून पाहणाराच्या नजरेस प्रथम तो ठिपकाच पडतो. शास्त्रात ह्याला 'अप्लोकायलस लाइनिएटस' असे नाव आहे. 'लाइनिएटस' म्हणजे रेषा असलेला. हा फार तर 10 सेंटिमीटर वाढतो. नराच्या अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी असतात. मादीच्या अंगावर काळसर उभे पट्टे अधिक ठळक असतात व पाठीवरील पराच्या मुळाशी एक काळा डाग असतो. ह्याचाच एक धाकटा भाऊ 'अप्लोकायलस ब्लॉकाय' होय. तो जेमतेम 5 सेंटिमीटर भरतो.

ह्या कुळातील माशांना जगभर 'किली' म्हणतात. डच भाषेतील 'किल', म्हणजे ओहोळ, ह्या शब्दावरून ते नाव आले असे मानतात. आफ्रिकेतील काही किलीमासे तर पावसाळी डबक्यांतच जन्मतात व डबके आटले की मरतात. त्यांची अंडी मात्र सुकलेल्या चिखलात पुढच्या पावसाची वाट पाहत राहतात. आपला किलीमासा तसा नव्हे. तो वर्षानुवर्षे जगतो आणि त्याची अंडी पाण्यातल्या वनस्पतींना चिकटून तेथेच फुटतात. म्हणूनच पाणी आटले किंवा गढूळले, तर त्याच्या वंशाला आसरा उरत नाही.

हा एवढासा मासा आपल्या उपयोगाचा तरी काय, असे कोणी विचारील. पाण्याच्या पृष्ठभागी श्वास घेण्यास येणारी डासांची अळी हे त्याचे आवडते खाद्य होय. गोव्यात हिवतापाचे डास विहिरींत व टाक्यांत वाढतात. त्यांच्या अळ्यांवर एक जिवाणू व आपला 'ब्लॉकाय' मासा ह्यांचा प्रयोग येथे करण्यात आला आणि त्याचा वृत्तांत 1998 साली एका शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ह्याच कामासाठी 1928 साली गँबूझिया हा परदेशी मासा भारतात आणला गेला होता. परंतु तो स्थानिक माशांची अंडी व पिल्ले खातो, असा अनेक देशांचा अनुभव आहे. घरचा वैद्य असता बाहेरच्याला पाचारण करावयाचे ते कशासाठी?

आता रीत पाहू. एक नर व दोन माद्या पुरेत. अधिक आणू नयेत. वीस-पंचवीस लिटर पाण्याचे पसरट भांडे घ्यावे आणि त्यावर जाळी अवश्य बांधावी, कारण हा मासा उडी मारण्यात पटाईत आहे. नायलॉनच्या लोकरीचे वीतभर लांबीचे धागे बुचाला बांधून तो झुपका पाण्यावर तरंगता सोडावा. मादी एकाच वेळी सारी अंडी घालीत नाही. रोज थोडी थोडी घालते व ती धाग्यांना चिकटतात. दर दोन-तीन दिवसांनी झुपका बाहेर काढून पाहावा. अंडी मोहरीच्या दाण्याएवढी, काचेसारखी स्वच्छ व इतकी टणक असतात, की बोटांच्या चिमटीत धरली तरी फुटत नाहीत. ती वेचून निराळ्या उथळ भांड्यात ठेवावीत, नाहीतर आईबापच ती फस्त करतात. पांढरे पडलेले अंडे निकामी समजून लगेच काढावे, म्हणजे त्याची बुरशी शेजाऱ्यांना लागत नाही. मासे पाळणारे अशा पाण्यात देशी बदामाचे एक वाळलेले पानही टाकतात. पाणी चहासारखे होते व बुरशी कमी धरते. आठवड्याभराने अंड्यात दोन काळे डोळे दिसू लागतात आणि साधारणतः बाराव्या ते चौदाव्या दिवशी पिल्लू बाहेर पडते.

येथेच आमची चूक झाली. पहिल्या खेपेस आमच्या बरणीत सतरा पिल्ले निघाली. पापणीच्या केसाएवढी ती पिल्ले पाण्याच्या पृष्ठभागाला टेकून उभी होती. आम्हांस वाटले, बिचारी भुकेली असतील. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक बोटाने चुरून आम्ही सकाळी घातला, दुपारी घातला आणि रात्री निजण्यापूर्वी पुन्हा घातला. दुसऱ्या दिवशी आई बरणीपाशी थांबली आणि म्हणाली, "उदकाक वास येता, पळय!" पाणी दुधासारखे झाले होते. आम्ही घाईघाईने ते सारे ओतून नळाचे ताजे पाणी भरले. संध्याकाळपर्यंत एकही पिल्लू उरले नाही. बलक कुजून पाण्यातला प्राणवायू संपला होता. त्यातून जी वाचली असतील, त्यांना नळाच्या पाण्यातील क्लोरिनने व एकाएकी झालेल्या पालटाने मारले. आमच्या मायेत उणीव नव्हती, निगेत होती.

दुसऱ्या खेपेस आम्ही आर्टेमियाची अंडी आणली. मासे विकणाऱ्या दुकानांत ती मिळतात. आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला अगदी बारीक जीव. लिटरभर पाण्यात सुमारे 30 ग्रॅम जाडे मीठ (आम्ही आगरवाड्याच्या मिठागरातले घेतले), सुरीच्या टोकावर मावेल एवढी अंडी आणि हवा सोडणारी नळी, एवढे जमले की चोवीस ते छत्तीस तासांत नारिंगी ठिपके हालू लागतात. बाटलीच्या एका बाजूस दिवा धरला, की ते उजेडाकडे गोळा होतात. मग नळीने ओढून, तलम कापडात गाळून, गोड्या पाण्यात धुऊन पिल्लांना द्यावेत. पिल्लांची पोटे नारिंगी दिसली, की थांबावे. गोड्या पाण्यात हे जीव काही तासांतच मरतात. म्हणून पिल्ले खातील तेवढेच घालावे व उरलेले तळाशी दिसल्यास काढून टाकावे. 'ब्लॉकाय'ची पिल्ले फारच लहान असतात. त्यांना पहिले काही दिवस वाळलेले गवत पाण्यात भिजवून वाढविलेले सूक्ष्म जीव द्यावे लागतात.

पाण्याचा नियमही असाच सोपा आहे. विहिरीचे पाणी उत्तम. नळाचे असल्यास ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच वापरावे. रोज दहाव्या हिश्शाहून अधिक पाणी बदलू नये आणि नवे पाणी जुन्याइतकेच उष्ण वा थंड असावे. पृष्ठभागावर तेलकट साय धरली, तर कागदाचा तुकडा वरून फिरवून ती उचलावी, कारण पिल्लांचे सारे जीवन त्या वरच्या थरात चालते. आणखी एक गोष्ट : पुढे निघालेली पिल्ले मागाहून निघालेल्यांना खातात. म्हणून दर आठवड्यास त्यांचे थोरले व धाकटे असे वर्ग पाडून निराळ्या भांड्यांत ठेवावेत. शाळेतील वर्ग वयावरून होतात. येथे ते तोंडाच्या आकारावरून करावयाचे!

पिल्ले सेंटिमीटरभर झाली, की त्यांना डासांच्या अळ्या देता येतात. परंतु त्यासाठी घरी पाणी साठवून अळ्या वाढवू नयेत. आठवड्याभरात अळीचा डास होतो आणि माशाच्या पिलासाठी घरातल्या माणसास डेंग्यू आणणे हा शहाणपणा नव्हे. अळ्या आयत्या सापडल्या तर द्याव्यात व ते पाणी तेथल्या तेथे ओतून टाकावे.

त्या खेपेस एकोणीस अंड्यांतून आमची अकरा पिल्ले वाढली. सुमारे तीन महिन्यांनी नर कोणते व माद्या कोणत्या, हे आमचे विद्यार्थी आम्हांस दाखवू लागले. दुकानातल्या कोणत्याही माशाशी त्यांचा संसर्ग होऊ दिला नव्हता. म्हणून ज्या व्हाळातून आईबाप आणले होते, त्याच व्हाळात ती सोडली. दुसऱ्या गावच्या पाण्यात मासे सोडू नयेत. त्यांच्याबरोबर रोग जातात आणि प्रत्येक ओहोळाचा आपला असा वंश असतो, तो बिघडतो. दुकानातले मासे तर कोठेच सोडू नयेत.

मित्रहो, अकरा पिल्लांनी व्हाळ भरत नाही, हे आम्ही जाणतो. खाणीची तांबडी माती पावसात उतरून पाण्यातल्या वनस्पतींवर बसली, शेताच्या पाटात कीटकनाशक पडले किंवा व्हाळ कचऱ्याने बुजला, तर शंभर बरण्यांनीही ही हानी भरून निघणार नाही. मात्र ज्याने मोहरीएवढ्या अंड्यात दोन डोळे उमटताना पाहिले, तो व्हाळात कचरा टाकताना क्षणभर थांबेल, अशी आमची खात्री आहे. पुढच्या पावसात पाटाच्या कडेला ओणवून पाहा. चांदीचा ठिपका दिसला, तर तुमच्या गावचे पाणी अजून जिवंत आहे असे समजा.